तात्पर्य नंतर, आधी चित्र!

शाळेची अजिंठ्याची सहल आठवतेय? पहाटेची एसटी, डब्यातली पुरी-भाजी, लेणीच्या दारात चपलांचा ढीग आणि मागून सरांचा आवाज, 'चला, पुढे चला!' मी चिकलठाण्यात वाढले. जगभरातले पर्यटक आमच्या विमानतळावर उतरून ज्या भिंती पाहायला जातात, त्या माझ्या वाट्याला आल्या जेमतेम दहा मिनिटं. वर्गात मात्र जातककथा रीतसर शिकले. गोष्ट चार ओळींची, खाली ठळक अक्षरात तात्पर्य. परीक्षेत तेच यायचं.

यात काहीतरी चुकतंय, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. तिसरीतल्या मामेबहिणीला १७ क्रमांकाच्या लेणीतल्या विश्वंतर जातकाचे फोटो दाखवत होते. दानशूर राजपुत्र राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकतो, लोक चिडतात, त्याला वनात जावं लागतं. तिथे एक म्हातारा याचक येऊन त्याची दोन मुलंच मागतो. तो तीही देतो. मी पाठ केलेलं तात्पर्य होतं, 'दान करावे.' ती म्हणाली, "ताई, त्या पोरांना कुणी विचारलं का?"

मला उत्तर सुचेना. म्हटलं, पुढचं चित्र तूच काढ. तिने दोघांना झाडामागे लपवलं. पाली कथेत ती मुलं खरंच लपतात, तळ्यात, कमळाच्या पानांखाली. हे मी तिला सांगितलंच नव्हतं! शेवटी आजोबा त्यांना सोडवतात, हे ऐकल्यावरच ती जेवायला उठली.

अजिंठ्याची चित्रंही अशीच पाहायची असतात. प्रसंग पुस्तकासारखे ओळीने येतातच असं नाही. कुठे राजवाडा, कुठे बाजार, कुठे जंगल, आणि तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. जुळवाजुळव पाहणाऱ्याने करायची. ती करतानाच मूल विचार करू लागतं.

मग तात्पर्य सांगूच नये का? जरूर सांगा, पण मुलाचे प्रश्न विचारून झाल्यावर. आपलं नसलेलं आपण दान करू शकतो का, हे तिसरीतल्या मुलीला सुचत असेल, तर एका ओळीत तिला गप्प करणारे आपण कोण?

हे काम आपल्याच वयाच्या मुलांचं आहे. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत अनेक हंगाम या लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. मूळ चित्रंही आता नाजूक झालीत, म्हणून तर आत फ्लॅशला बंदी आहे. भिंत जपायला पुरातत्त्व खातं आहे. गोष्ट जपायला कोण?

एक रविवार काढा. विहारात, अभ्यासिकेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुठेही आठ-दहा मुलं जमवा. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही गेरू, चुना, काजळी वापरली होती. तेवढं आपल्याकडेही मिळतं. आधी चित्र दाखवा, 'काय चाललंय इथे?' एवढंच विचारा आणि पुढचा प्रसंग मुलांना काढू द्या. तात्पर्याची घाई नको. मुलं विचारतील त्यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही येणार नाही. मला अजून आलेलं नाही.