अर्ज, आर्जव आणि आत्मस्तुती

वांद्रे स्थानकाच्या पूर्वेला उतरले की दोन वाटा फुटतात. एक शासकीय वसाहतीकडे, उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दिशेने जाते. दुसरी शेअर रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलाकडे. पहिल्या वाटेवर माणूस 'अर्ज' घेऊन जातो, दुसऱ्या वाटेवर 'बायोडेटा'. आमच्या महाविद्यालयातली मुले पदवीनंतर दुसऱ्या वाटेला लागतात. त्यांच्या हातातल्या कागदाची भाषा मात्र बहुधा पहिल्याच वाटेवरची असते.

मराठी घेऊन बी.ए. झालेली एक विद्यार्थिनी संकुलातल्या एका नोकरीसाठी लिहिलेला असाच कागद घेऊन माझ्याकडे आली होती. वडिलांचे नाव, जन्मतारीख, 'छंद : वाचन' असे सारे यथास्थित होते. 'अनुभव' या शब्दापुढे मात्र 'नाही' असे लिहिलेले. ही मुलगी पाच वर्षे आईच्या पोळी-भाजी केंद्राचा हिशेब सांभाळत होती. रोजचे साठ डबे, किराणा मालाची नोंद, महिनाअखेरची वसुली आणि पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकांशी न भांडता बोलणे, हे सारे तिच्याकडे होते. "हे का नाही लिहिलेस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ते घरचंच काम. त्यात सांगण्यासारखं काय आहे?" शेवटची ओळ मात्र तिने विसरता लिहिली होती असे नाही : घरची परिस्थिती हलाखीची असल्याने नोकरीची नितांत गरज आहे. आपण काय देऊ शकतो ते गाळले होते. आपल्याला काय हवे तेवढे उरले होते.

हा केवळ तिचा संकोच नव्हे, आपल्या संस्काराचाही भाग आहे. समर्थांनी 'दासबोधा'त मूर्खाची लक्षणे सांगताना आपणच आपली स्तुती करणाऱ्याला त्यांत बसवले, आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही. आपण हे नेमके लक्षात ठेवले. परंतु त्याच ग्रंथात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. अक्षर कसे असावे, ओळी कशा राखाव्यात, वाचणाऱ्याला समाधान कसे वाटावे, याचा तेथे बारकाईने विचार आहे. समर्थांचा आक्षेप फुशारकीला होता. स्वतःचे काम नेटकेपणाने समोर ठेवण्याला नव्हता.

शब्दांचा इतिहासही हेच सांगतो. 'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ समोर मांडणे, दाखवणे असा. विनंतीचा अर्थ त्याला पुढे चिकटला. 'आर्जव' तर 'ऋजु'पासून आलेला. त्याचा अर्थ सरळपणा; मराठीत त्याची विनवणी झाली. म्हणजे मांडण्याचे आणि सरळपणाचे हे दोन्ही शब्द आपण हात जोडायला लावले.

याच्या उलट टोकाला आता दुसरा धोका आहे. अनेक मुले तयार नमुन्यांवरून किंवा संगणकाकडून अर्ज लिहवून घेतात. त्यांत प्रत्येक उमेदवार गतिमान, ध्येयनिष्ठ आणि संघभावनेने काम करणारा असतो. दहा अर्ज एकत्र ठेवले तर माणसे ओळखू येत नाहीत. मूर्खलक्षणांतली आत्मस्तुती ती हीच. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात थोडी बढाई आहेच. पण भर आहे तो वाहून नेता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी उपयोगी पडणारी साधने, अशा कामांच्या यादीवर. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी. समोरच्याची गरज ओळखून त्याने स्वतःमधले काय आधी सांगायचे ते ठरवले होते.

यावर कोणी म्हणेल, संकुलातल्या काचेच्या इमारतींत अर्जापेक्षा इंग्रजीचा लहेजा आणि कपडेच पाहिले जातात. यात तथ्य आहे, आणि नेटक्या अर्जाने तो अन्याय दूर होत नाही. पण आपल्या हातात होते तेवढे तरी आपण केले का? शाळेत आपण अर्जलेखन शिकवतो ते मायना, विषय आणि 'आपला विश्वासू' यांच्या गुणांपुरते. त्या चौकटीत काय लिहावे, हे शिकवत नाही. वास्तविक असंख्य तपशिलांतून एक बोलका तपशील निवडणे हे तर कथेच्या तासाला आपण रोज शिकवतो. ते ज्ञान अर्जाच्या कामी आणणे मराठीच्या प्राध्यापकाला कमीपणाचे वाटू नये.

त्या मुलीच्या 'अनुभवा'पुढे आम्ही मिळून तीन ओळी लिहिल्या. त्यांत एकही विशेषण नव्हते. डबे, वर्षे आणि हिशेब होता. हलाखीची ओळ तिने स्वतःच खोडली. ती जागा तिला मिळाली नाही. पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या डब्यांविषयीच होता आणि उत्तर देताना आपण अडखळलो नाही, असे तिने संध्याकाळी फोन करून सांगितले.