सॅक कुणाच्या नावावर लिहायचा?

आमचा एक मित्र आहे, टस्कलूसाला एमएस केलेला. एरवी अत्यंत सौम्य माणूस. कोड रिव्ह्यूमध्येसुद्धा "जमलं तर बघ" असं लिहिणारा. १ जानेवारी २०२४ ला त्याच्या घरी रोझ बोल बघायला बसलो होतो. अलाबामा विरुद्ध मिशिगन, कॉलेज फुटबॉलची सेमीफायनल. अलाबामा ओव्हरटाइममध्ये २७-२० हरलं. शेवटचा प्ले संपून तीस सेकंदसुद्धा झाली नसतील, आणि याचा निकाल तयार. "सेंटरने घालवलं." पाच मिनिटांनी, "नाही रे, मिलरोने घालवलं, बॉल धरून बसतो नुसता." जेवायला बसल्यावर, "अख्खी लाइनच भिकार आहे."

तीन तपास, तीन आरोपी. पुरावा मात्र एकच: आपण हरलो.

हा एकटाच असा असता तर मी काही लिहिलं नसतं. पण दर मोसमात, दर शनिवारी, कुठलातरी संघ हरतो आणि हेच कोर्ट भरतं. टीव्हीवरचे माजी खेळाडूही त्यात असतात, आणि ज्यांना गार्ड आणि टॅकल यातला फरक कालच कळलाय असे आपले देशी बांधवही असतात. (दुसऱ्या गटात मीही बरीच वर्षं होतो.) माझं म्हणणं एवढंच आहे की हरल्याच्या रात्री लाइन आणि क्वार्टरबॅक यांच्याबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं बहुतेक सगळं न बघता बोललेलं असतं. न बघता म्हणजे अगदी शब्दशः. कारण टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, आणि आपले डोळे कॅमेऱ्याच्या.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकरापैकी पाच आडदांड गडी पुढे रांगेत उभे असतात, ती लाइन. मधला सेंटर, तो दोन पायांमधून बॉल मागे क्वार्टरबॅककडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. मग पासचा प्ले असेल तर या पाचांनी समोरच्यांना दोन-तीन सेकंद थोपवायचं, तेवढ्यात क्वार्टरबॅकने मोकळा गडी शोधून बॉल फेकायचा. फेकायच्या आधीच त्याला मागेच लोळवलं तर तो सॅक. त्या दिवशी जेलन मिलरोला सहा वेळा असं लोळवलं. त्यातले पाच पहिल्या हाफमध्ये.

आता हे सहा सॅक कुणाचे? आपल्याला क्रिकेट कळतं म्हणून उदाहरण देतो. रनआउट. स्कोअरकार्डवर बाद झालेल्याच्या नावापुढे 'रनआउट' लागतं. हाक कुणी दिली, अर्ध्यातून मागे कोण वळलं, नॉनस्ट्रायकर बॉल बघत कोण उभा राहिला, यातलं काहीही तिथे येत नाही. पण मॅच बघितलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की पुष्कळदा बाद एक होतो आणि चूक दुसऱ्याची असते. सॅक म्हणजे सात-आठ जणांचा मिळून झालेला रनआउट. फरक इतकाच की इथे हाका कुणी दिल्या ते आपल्याला ऐकूच येत नाही.

कारण स्नॅपच्या आधी बरंच काही ठरलेलं असतं. सेंटर आणि क्वार्टरबॅक समोरची मांडणी बघून ठरवतात की लाइन कुणीकडे सरकणार, रनिंग बॅकने कुणाला अडवायचं, आणि समोरून सहावा माणूस धावत आला तर त्याचं काय. त्या सहाव्यासाठी पुष्कळदा कुणीच नेमलेलं नसतं! पाच जण पाचांनाच अडवू शकतात. तो मोकळा माणूस क्वार्टरबॅकने ओळखायचा आणि तो पोचायच्या आत बॉल सोडायचा, असं ठरलेलं असतं. मग तो येऊन आदळला की टीव्हीवर काय दिसतं? लाइनमधून एक माणूस कुणाचाही हात न लागता आरपार. घरोघरी एकच ओरडा, "अरे अडवा ना कुणीतरी!" प्रत्यक्षात लाइनने आपलं काम चोख केलेलं असू शकतं.

याच्या उलटही होतं. क्वार्टरबॅक ठरलेल्यापेक्षा दोन पावलं जास्त मागे गेला की बाहेरच्या टॅकलचा कोन बिघडतो. टॅकल माणसाला वळसा घालून मागे ढकलत असतो आणि बरोब्बर तिथेच आपला हिरो जाऊन उभा! किंवा रिसीव्हर चुकीच्या ठिकाणी वळला, मोकळं कुणी नाही, चार सेकंद गेली. चार सेकंद कुठलीच लाइन थोपवू शकत नाही. आणि मिशिगन त्या वर्षी जे करायचं ते तर आणखी वेगळं. समोरचे दोन गडी स्नॅप झाल्यावर कैची घातल्यासारखी जागांची अदलाबदल करणार, गार्ड आणि टॅकलने आपापली माणसं चालत्या गाडीत बदलून घ्यायची. एकाने बरोबर बदल केला आणि दुसरा क्षणभर थांबला तर मोकळा माणूस बरोबर करणाऱ्याच्या बाजूने आत शिरताना दिसतो. आपण शिव्या कुणाला देतो? अर्थात, जो जवळ दिसतो त्याला.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. रात्री दोनला काहीतरी कोसळतं, लॉगच्या शेवटच्या ओळीत एका मॉड्यूलचं नाव असतं आणि सकाळच्या कॉलवर त्या मॉड्यूलच्या मालकाची शाळा घेतली जाते. मीही एकदा असा शेवटच्या ओळीत सापडलो होतो. खरं कारण तीन सिस्टिम्स अलीकडे कुणीतरी बदललेला एक टाइमआउट होता. ते कळेपर्यंत चार दिवस गेले, आणि ते सांगायला कॉल मात्र कुणी ठेवला नाही :-) असो.

आकडे तरी खरं बोलतात का? कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा करतात! एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात, जे निदान तर्काला धरून आहे. त्या दिवशी मिलरोच्या नावावर २१ वेळा धावून ६३ यार्ड लागले. पण या एकवीसमधले सहा तर सॅक आहेत. तो तेव्हा धावतच नव्हता, फेकायला बघत होता. म्हणजे पासचं अपयश धावण्याच्या रकान्यात, आणि पासच्या रकान्यात २३ पैकी १६, ११६ यार्ड, अगदी सोज्वळ दिसणारे. आणि लाइनमनचं काय? त्याचा रकानाच नाही. अधिकृत आकडेवारीत त्याचं नाव यायचं तर त्याने बहुतेक काहीतरी वेगळंच करायला हवं. हाइझमन ट्रॉफी आजवर एकाही ऑफेन्सिव्ह लाइनमनला मिळालेली नाही. १९७३ मध्ये ओहायो स्टेटचा जॉन हिक्स दुसरा आला, त्यातच समाधान. ज्याचं काम मोजताच येत नाही त्याच्यावर मत मात्र सगळ्यांचं.

त्या मोसमात अलाबामाने चौदा सामन्यांत ४९ सॅक दिले, हे भयानकच आहे, आणि मी काही लाइन धुतल्या तांदळाची होती असं म्हणत नाहीये. डावा टॅकल केडिन प्रॉक्टर नुकताच हायस्कुलातून आलेला, आणि त्याच्या बाजूने बरेच सॅक गेले. मिलरो लांबच्या पासची वाट बघत बॉल धरून ठेवायचा, हेही खरं. सप्टेंबर २०२३ मध्ये टेक्सासकडून ३४-२४ हरल्यावर "सगळा दोष मिलरोचा" असा सूर होता. पुढच्या शनिवारी साउथ फ्लोरिडाविरुद्ध त्याला बसवलं, दुसरे दोघे खेळले. सॅक काही थांबले नाहीत, सामना कसाबसा १७-३ जिंकला आणि मिलरो परत आला. आमच्याकडे याला बग रीप्रोड्यूस करणं म्हणतात. एक भाग बदलला, बग तसाच राहिला, म्हणजे निदान तो एकटा भाग जबाबदार नाही. एवढी साधी गोष्ट जानेवारीपर्यंत सगळे विसरले होते.

आणि त्या 'भिकार' लाइनमध्ये कोण होतं? उजवा टॅकल जेसी लेथम, जो २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सातवा गेला. डावा गार्ड टायलर बुकर, जो २०२५ मध्ये बारावा गेला. त्याच दिवशी दुसऱ्या हाफमध्ये याच पाच जणांच्या मागून अलाबामा धावलं, चौथ्या क्वार्टरमध्ये २०-१३ अशी आघाडी घेतली, आणि सॅकचे यार्ड वजा करूनही धावण्याचा आकडा पावणेदोनशेच्या आसपास गेला. पहिल्या हाफमध्ये नालायक आणि तासाभरात लायक, असं माणसाचं होत नसतं. प्ले बदलले, माणसं तीच होती. मग हा हिशोब कोचच्या खात्यावर थोडा तरी जायला नको? आणि २०-१३ असताना मिशिगनने चौथ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना ब्लेक कोरमला पास देऊन ड्राइव्ह जिवंत ठेवला आणि बरोबरी केली. तेव्हा अलाबामाची लाइन आणि मिलरो बाजूला उभे राहून नुसते बघत होते.

आता तो शेवटचा प्ले. चौथा डाउन, तीन यार्ड बाकी. सेंटर सेथ मॅकलॉफलिनचा स्नॅप खाली गेला, मिलरोने तो कसाबसा उचलला, मधून धावला, आडवा झाला, खेळ खलास. स्नॅप वाईट होता, त्यात वादच नाही. त्या दिवशीचा तो पहिला वाईट स्नॅपही नव्हता. पण त्याने त्या सामन्यात साठहून जास्त वेळा बॉल दिला होता, आणि प्रत्येक वेळी बॉल सुटताक्षणी दीडशे किलोचा माणूस अंगावर. त्यातले मोजके लोकांच्या लक्षात राहिले.

आणि गंमत बघा. पाचच आठवडे आधी, २५ नोव्हेंबर २०२३ ला, ऑबर्नविरुद्ध गोललाइनजवळ असाच त्याचा एक स्नॅप फसला आणि अलाबामा बरंच मागे ढकललं गेलं. पाठोपाठ मिलरोने रेषा ओलांडून पुढे जाऊन पास फेकला, त्याची पेनल्टी. चौथा डाउन, ३१ यार्ड! त्यावर मिलरोने आयझेया बाँडला टचडाउन फेकला आणि सामना २७-२४ जिंकला. तो पास आजही दाखवतात. स्नॅप आणि पेनल्टी दोन्ही माफ. तीच चूक, तोच माणूस. एकदा आख्यायिकेची प्रस्तावना झाली आणि एकदा गुन्हा. आपण स्नॅपला मार्क देत नाही, स्कोअरबोर्डला देतो.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण रोझ बोलनंतर मॅकलॉफलिनला आणि त्याच्या घरच्यांना धमक्या आल्या, इतक्या की त्या थांबवा अशी त्याला जाहीर विनंती करावी लागली. कॉलेजातला मुलगा. तो अलाबामा सोडून ओहायो स्टेटला गेला. २०२४ च्या मोसमात तिथे सेंटर म्हणून खेळला, नोव्हेंबरात अकिलीसचा स्नायुबंध तुटून मोसम संपला, आणि तरीही देशातल्या सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी त्यालाच मिळाली. हात तेच होते.

यावर मित्र म्हणतो, "मग काय, कुणाला काही बोलायचंच नाही?" बोला की! पण सॅक बघितल्यावर आधी तीन गोष्टी बघा. समोरून किती आले आणि अडवायला किती होते? क्वार्टरबॅकच्या हातात बॉल किती वेळ होता? आणि जो माणूस आत शिरला त्याला अडवणं नक्की कुणाकडे होतं? पहिल्या दोन गोष्टी घरी बसून रिवाइंड करून मोजता येतात. तिसरी बहुतेक वेळा त्या खोलीत बसलेल्यांनाच माहीत असते, आणि ज्याला ती माहीत नाही त्याने निदान नाव घेताना आवाज जरा कमी ठेवावा. सहाच्या सहा सॅक मी नंतर असे बघितले. एक तास गेला. काही सरळसरळ लाइनचे वाटले, काही मिलरोचे, आणि उरलेल्यांत मला खरंच सांगता येत नाही. मित्राला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. त्याला एक नाव हवं होतं.

मी त्याला विचारलं, "शेवटच्या प्लेला डाव्या गार्डने काय केलं रे?" तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "पण तो स्नॅप..."

खरं सांगायचं तर मलाही रेकॉर्डिंग लावूनच बघावं लागलं होतं.