पडद्यावरचे शिक्षण, पदरचा वेळ

दिल्लीच्या राजकारणाला श्रीपेरुंबुदूर ठाऊक आहे ते २१ मे १९९१ पासून. चेन्नई-बंगळुरू महामार्गालगतच्या या परिसराची आजची ओळख मात्र मोटारी आणि मोबाइलच्या कारखान्यांची आहे. कारखान्यात काम करता करता शिकणे ही मेहेरबानी समजली जात नाही. उमेदवाराला शिकतानाही विद्यावेतन द्यावे, हे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानेच ठरविले. सरकारच्या स्वतःच्या आरोग्यसेवेत मात्र हा साधा हिशेब शेवटच्या पायरीवर चुकतो.

एप्रिल २०२० मध्ये केंद्राने ‘दीक्षा’ मंचावर डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि सफाई कर्मचाऱ्यांसाठी करोनाचे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. टाळेबंदीत दुसरा मार्ग नव्हता आणि ते पाऊल योग्यच होते. पण आणीबाणीतली सोय प्रशासनाच्या अंगवळणी फार लवकर पडते. अभ्यासक्रम किती जणांनी पूर्ण केला, हा आकडा खात्याला बसल्या जागी मिळतो. किती जणींचा हात सुधारला, हे पाहायला गावात जावे लागते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नेमके तेच केले. ३९ गावांतील स्त्रिया बाळंतिणीच्या घरीच शिकल्या: बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे, वेळप्रसंगी इंजेक्शन देणे. त्यांच्या नोंदी डॉक्टर गावात येऊन तपासत. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ वर आला. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापले आणि २०११ मध्ये केंद्राने घरोघरच्या नवजात काळजीचे काम देशभरातील आशांकडे सोपविले.

या आशा सरकारदरबारी ‘स्वयंसेविका’, म्हणजे त्यांच्या वेळेला पगार नाही. महाराष्ट्रातील त्यांच्या २०२३-२४ च्या आंदोलनांत मोबदल्याबरोबर ऑनलाइन कामाच्या सक्तीचाही प्रश्न होता, तो उगाच नव्हे. रात्री स्वयंपाक उरकून मोबाइलवर पाहिलेला पाठ प्रशिक्षणात गणायचा असेल, तर तो वेळ कामातही गणला पाहिजे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च महाराष्ट्र आणि तमिळनाडूत केंद्र व राज्य ६०:४० प्रमाणात उचलतात. राज्यांच्या आराखड्यात प्रशिक्षणाचे शीर्ष असतेच. त्यात ऑनलाइन तासांचा मोबदला आणि सोबत उभे राहून शिकविणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकेचा वेळ यांची स्वतंत्र तरतूद मागता येते. गडचिरोली महाराष्ट्रात आहे; पहिला प्रस्ताव मुंबईनेच धाडावा.