झाकण उघडू नका

घरी बिअर करणाऱ्यांच्या कुठल्याही बैठकीला जा, तेच रडगाणे ऐकू येते: हॉप्स जुने निघाले, यीस्टमध्ये दम नव्हता, पाणीच वाईट. साफ खोटे. चांगल्या बिअरचा घात बहुतेकदा शेवटच्या तासाभरात होतो, आणि तो करणारे हात आपलेच असतात.

यीस्ट घालताना वर्टमध्ये, म्हणजे आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड काढ्यात, ८ ते १० पीपीएम ऑक्सिजन हवाच, यीस्टला वाढायला तो लागतो. पण आंबवण संपली की तोच ऑक्सिजन वैरी होतो. मोठे कारखाने डब्यातला ऑक्सिजन पीपीएममध्ये नव्हे, अब्जांशांत मोजतात. आणि आमचे बहाद्दर आठवड्याभरात झाकण उघडून बिअर दुसऱ्या भांड्यात खळखळ ओततात! का, तर जुन्या पुस्तकात लिहिले होते. पाच गॅलनच्या भांड्यात दोन-तीन आठवडे यीस्टवर राहिल्याने बिअर बिघडत नाही. ही उठाठेव बंद करा.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर मोकळी झाली. एवढ्या वर्षांनंतरही नवशिक्यांना सांगितले जाते, 'कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो बिअरवर पांघरूण घालून बसतो.' बसत नाही. वायू एकमेकांत मिसळतात. तसे नसते तर आपल्या खोलीतली हवाही थर लावून बसली असती. झाकण उघडले, वरून हॉप्स टाकले, की हवा आत गेलीच.

केगवाल्यांचे समाधान तर आणखी स्वस्त. तीनदा गॅस सोडला की केग शुद्ध, असे ते छातीठोकपणे सांगतात. हिशेब करून पाहा. ३० पीएसआय भरून सोडले की २१ टक्के ऑक्सिजन ७ टक्क्यांवर येतो. तिसऱ्या खेपेनंतरही पाऊण टक्का उरतो, म्हणजे साडेसात हजार पीपीएम. त्यापेक्षा केग काठोकाठ सॅनिटायझरने भरा, कार्बन डायऑक्साइडने तो बाहेर ढकला आणि बिअर बंद नळीतून आत घ्या.

सगळ्यात जास्त संताप येतो तो धूसर आयपीएचे हाल पाहून. हॉप्सवर सढळ हाताने पैसे ओतायचे, ती पिवळीधमक, आंब्या-संत्र्याच्या वासाची बिअर उतरवायची, आणि मग फर्मेंटर फ्रिजमध्ये ढकलून एअरलॉक तसाच ठेवायचा. गार होताना आतला वायू आकसतो आणि बाहेरची हवा ओढून घेतो, हे शाळेत शिकलेले कुणाला आठवत नाही. काही आठवड्यांत बिअर करडी-तपकिरी पडते, वास जातो, गोडसर चव मागे राहते. साध्या फिकट बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. पाहुणे सभ्यपणे 'छान आहे' म्हणतात आणि ग्लास अर्धा ठेवतात.

केग परवडत नाही, ही सबब मला मान्य नाही. बाटल्या भरणाऱ्यानेही नळी तळापर्यंत न्यावी, तोंडाशी कमीत कमी जागा ठेवावी, फेस वर आला की लगेच बूच दाबावे. साखरेवर पुन्हा जागे झालेले यीस्ट थोडा ऑक्सिजन खाऊन टाकते. गॅस तयार झाला की बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत बिघाड मंदावतो. यांतल्या एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही.

पुढची खेप करताना नवे हॉप्स मागवण्याआधी नळीचे जोड तपासा, आणि आंबवण सुरू झाल्यावर झाकणाला हात लावू नका.