साथींचा हिशेब ठेवणारी माणसे

दिवाळीच्या फराळाला नातेवाईक जमले, की चकलीच्या पहिल्या तुकड्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो : “मग, चिरंजीव सध्या काय करतात?” डॉक्टर, इंजिनिअर, बँक, परदेश, यांपैकी कोणतेही उत्तर मिळाले की पाहुणे समाधानाने करंजीकडे वळतात. पण घरातली मुलगी “मी साथीच्या रोगांचे गणित करते” असे म्हणाली, तर करंजी हातातच राहते. हे काम डॉक्टरचे की गणिताच्या मास्तरांचे? आणि मुख्य म्हणजे, यात पुढे काय? मुलांच्या पुढच्या वाटांविषयी या सदरात आपण बोलत असतोच; आज या अनोळखी वाटेने थोडे चालून पाहू.

या विद्येला साथरोगशास्त्र म्हणतात. दवाखान्यातला डॉक्टर विचारतो, “तुम्हाला काय होते?” साथरोगशास्त्रज्ञ विचारतो, “याच गल्लीत का? याच आठवड्यात का? शेजारच्या वाड्यातली माणसे कशी वाचली?” आणि त्याच्या जोडीचा गणिती त्या उत्तरांवरून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधतो.

हे गणित आपल्या मुंबईला परके नाही. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग कित्येक वर्षे ठाण मांडून बसला होता. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसे गेली, याची नोंद दप्तरी झाली. पुढे १९२७ साली एडिंबरोच्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथींच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा आपले सूत्र ताडून पाहण्यासाठी त्यांनी हेच मुंबईचे आकडे घेतले. आजही या विषयाचे विद्यार्थी त्या निबंधातल्या सूत्रांपासूनच श्रीगणेशा करतात.

त्यांनी सांगितलेली गोष्ट फटाक्यांच्या माळेवरून चटकन कळेल. माळेतल्या बऱ्याच लवंगी दमट निघाल्या, तर उरलेल्या कोरड्या असूनही माळ मध्येच थांबते. साथीचेही तसेच. सगळी माणसे आजारी पडून संपली म्हणून साथ ओसरत नाही. रोग होऊ शकेल अशी माणसे एका मर्यादेखाली आली, की ती आपोआप मावळते. गोवर घ्या. कोणालाच संरक्षण नसेल, तर गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. पंधरा धरा. त्या पंधरांपैकी चौदा जण सुरक्षित असतील, तर कुठे एकाचा एकच रोगी होतो. चौदा भागिले पंधरा म्हणजे त्र्याण्णव टक्क्यांहून थोडे अधिक. गोवराच्या लसीबाबत पंचाण्णव टक्क्यांचा आग्रह का धरतात, ते या साध्या भागाकारात आहे.

आता हे शास्त्र उभे करणारी माणसे पाहा. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेत स्फोट होऊन सव्विसाव्या वर्षी त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली, आणि तो निबंध त्यानंतर तीन वर्षांनी आला! मलेरिया डासांमार्फत पसरतो हे १८९७ साली सिकंदराबादेत शोधणारे रोनाल्ड रॉसही लष्करी डॉक्टर. मलेरिया हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, हे त्यांनी गणिताने दाखवले. अलीकडच्या काळातले रॉबर्ट मे मुळात पदार्थविज्ञानाचे. एकाचीही वाट सरळ नाही, आणि एकाची वाट दुसऱ्यासारखी नाही.

शिवाय हे काम नुसत्या टेबलाशी बसून होत नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरची, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची, मंडळी तिथे पोचली आणि गोचिडींतून पसरणारा एक नवाच विषाणू त्यांनी शोधून काढला. तिथे डॉक्टर हवा होता, तसाच कीटकांचा जाणकारही हवा होता.

म्हणून आजही या क्षेत्राची दारे अनेक आहेत. एमबीबीएस करून सामाजिक वैद्यकात एमडी करता येते. संख्याशास्त्र, गणित किंवा पदार्थविज्ञानात एमएस्सी करून साथींच्या विषयात पीएचडी करता येते. पशुवैद्यकातूनही येता येते. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी देते. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ पासून डॉक्टरांसाठी प्रत्यक्ष साथींच्या तपासाचे प्रशिक्षण सुरू केले.

पण आईवडिलांपासून दुसरी बाजू लपवून चालणार नाही. पीएचडीनंतर पुष्कळांना दोन-तीन वर्षांच्या करारांवर काढावे लागते. अनुदान संपले की नवा अर्ज, कधी नवे गाव. तिशी उलटली तरी “कायम झालास का?” या प्रश्नाला उत्तर नसते. साथ आली की सारे विचारतात, साथ गेली की विसरतात. आणि अंदाज वर्तवणाऱ्याच्या वाट्याला बोल फार. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने सांगितले, की काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख दहा हजार माणसे कोरोनाने दगावतील. उपाय झाले, आणि पुष्कळांनी ‘तर’ विसरून आकडा तेवढा लक्षात ठेवला. इशारा ऐकून लोक सावध झाले, की इशारा खोटा ठरतो, हे या धंद्याचे विचित्र दुखणे आहे. जी साथ आलीच नाही, तिच्याबद्दल हारतुरे कोण घालणार?

तेव्हा मुलाला या वाटेला लावायचे की नाही, हे केवळ पगाराच्या आकड्यावर ठरवू नका, आणि कौतुकाच्या भरात तर मुळीच नको. त्याचा स्वभाव पाहा. परक्या गावात चार दारे ठोठावायला तो कंटाळत नाही ना? आपला अंदाज चुकला तर वही उघडून पुन्हा बसण्याची त्याची तयारी आहे ना? आणि सकाळी वर्तमानपत्रात “शहरात डेंग्यूचे दोनशे रोगी” हा मथळा मोठ्याने वाचला, की तो खाली मान घालून दूध पितो, की मान वर करून विचारतो, “दोनशे, पण कितीपैकी?”

असे विचारणारे पोर घरात असेल, तर घाबरू नका. त्याला अडवू मात्र नका.