अपवादाचे वजन

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपांवर ‘आर्गन वेल्डिंग’ची पाटी हमखास दिसते. आमच्या मराठीच्या वर्गातली काही मुले रात्रपाळी संपवून अशाच ठिकाणांहून येतात. हवेत जेमतेम ०.९३ टक्के असलेला हा निष्क्रिय वायू वितळत्या धातूचे ऑक्सिजनपासून रक्षण करतो, हे त्यांना ठाऊक असते. हाच आर्गन आवर्तसारणीतला एक प्रसिद्ध अपवाद आहे आणि त्याची कथा साहित्याच्या वर्गातही सांगण्याजोगी आहे.

मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. १८९४ साली रॅले आणि रॅम्से यांना आर्गन सापडला आणि पंचाईत झाली. आर्गनचा अणुभार ३९.९५, पोटॅशियमचा ३९.१०. भाराप्रमाणे पोटॅशियम आधी यावे. गुणधर्म मात्र उलट सांगतात. टेल्युरियम-आयोडीनच्या अशाच जोडीबाबत मेंडेलीव्हने टेल्युरियमचा अणुभारच चुकीचा मोजला गेला असावा, असे मानले होते. जागा त्याने अचूक ओळखली; कारण चुकले. खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातील धन प्रभाराचा आहे, हे १९१३ मध्ये मोस्लीने दाखवले.

तरीही आर्गन जड का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर नैसर्गिक किरणोत्सारितेत आहे. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक पोटॅशियम-४० या समस्थानिकाचा असतो. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षे. विघटन होणाऱ्या दर शंभर अणूंतले अकराच्या आसपास आर्गन-४० होतात, उरलेले कॅल्शियम. पृथ्वीच्या हवेतला ९९ टक्क्यांहून अधिक आर्गन असा पोटॅशियमच्या पोटी जन्मलेला आहे. सूर्यात हलका आर्गन-३६ अधिक आहे. तिथला भार धरला असता तर हा अपवाद उद्भवलाच नसता. त्या एका उलट्या जोडीत पृथ्वीचा इतिहास साठलेला आहे. आपल्या पायाखालच्या दख्खनी बेसाल्टचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचे वय ठरवतानाही याच विघटनाचा आधार घेतला गेला.

आता आपल्या विषयाकडे वळू. वाङ्मयेतिहास आपण बहुधा प्रकाशनवर्षांच्या क्रमाने शिकवतो. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींचा संग्रह त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली आला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’नंतर पाच वर्षांनी. सनावळीत त्या नवकवितेच्या शेजारी बसतात, घडण मात्र ओवीची, जात्याची, शेताची. मग ‘अपवादात्मक प्रतिभा’ असे म्हणून आपण पुढे जातो. निरक्षर स्त्रीच्या ओठांवरची कविता छापखान्यापर्यंत पोहोचायला इतका काळ का लागला, हे विचारतच नाही. वास्तविक आपल्या समाजाचा इतिहास त्या विलंबातच आहे.

‘अपवादाने नियमच सिद्ध होतो’ हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो. अपवाद मुळात आपल्या मापाविषयी प्रश्न विचारत असतो. अर्थात ही तुलना फार ताणू नये. अणूंना छापखान्याची दारे ठोठवावी लागत नाहीत. पण रात्रपाळी करून आलेल्या मुलाचा निबंध आपल्या साच्यात बसला नाही, तर त्यावर लाल शाई ओढण्याआधी आपण मोजतो आहोत ते नेमके काय, एवढे तरी स्वतःला विचारावे.